अँटिबायोटिक घेतलं की परत खाज! प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊ का? बजेट महिना ४००

मीरा_ठाणे
लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक घेतलं की आठवड्याभरात खाली खाज, जळजळ आणि गुठळ्यांसारखं पांढरं जातं. बुरशीवरची फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी घेतली की बरं वाटतं, पुढच्या कोर्सला पुन्हा तेच. प्रोबायोटिकने (चांगल्या जंतूंच्या कॅप्सूलने) टळेल का? कोणतं घेऊ? ४०० च्या वर जमणार नाही. शुगर नॉर्मल आहे, गरोदर नाही.

सानिका_दादर
ऱ्हॅम्नोसस जीआर-१ आणि रॉयटेरी आरसी-१४ हे जंतू असलेली घे. मला महिन्याला १४०० पडतात, पण तेव्हापासून त्रास नाही. तब्येतीत काटकसर नको गं. पाकिटावर स्ट्रेन (जंतूचा नेमका प्रकार) लिहिलेला नसेल तर घेऊच नकोस.

गोदाकाठ
१४००? ती ४०० म्हणतेय. घरचं दही रोज वाटीभर खा. आमच्याकडे दुकानाचं दही येत नाही, विरजण कधी मोडलेलं नाही.

औषधवाली_कोथरूड
बऱ्याच जणी अँटिबायोटिकसोबत मिळणारं प्रोबायोटिक, बॅसिलस क्लॉसी किंवा बोलार्डी, याच त्रासासाठी मागतात. ती पोटासाठी, जुलाबासाठी असतात. बोलार्डी तर स्वतःच यीस्ट, म्हणजे बुरशीचाच प्रकार आहे. आणि स्टेरॉइड मिसळलेलं मलम मागू नका. खाज दबते, बुरशी वाढते.

मेलबर्नकर
इथे ऑस्ट्रेलियात नेमका हाच प्रश्न तपासला होता, २००४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस (चांगले जंतू) तोंडाने, योनीतून किंवा दोन्हीकडून दिलं. बुरशी टळली नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (त्यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) मात्र, औषधाच्या जोडीने दिल्यास लवकर बरं वाटणं आणि महिन्याभरात परत न होणं यात थोडा फायदा दिसला. पुरावा कच्चाच आहे.

सानिका_दादर
म्हणजे माझ्या अनुभवाला किंमतच नाही? मला फरक पडलाय.

गोदाकाठ
म्हणूनच दही. काही जणी आतूनही लावतात.

रेसिडेंट_गायनॅक
काकू, आत दही किंवा लसूण अजिबात नको. खायचं तेवढं खा.
मीराताई, मुद्दा वेगळाच आहे. बुरशीमुळेही लघवीला जळजळ होते. दरवेळी कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी) न करता अँटिबायोटिक दिलं जात असेल तर काही वेळा ते लघवीचं इन्फेक्शन नसेलच, आणि त्या अँटिबायोटिकने बुरशी आणखी वाढत असेल. आधी युरिन कल्चर करा. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं असेल तर स्रावाचा स्वॅबही द्या. ग्लाब्राटा जातीची कॅन्डिडा (ही बुरशी) निघाली तर फ्लुकोनाझोल नीट लागू पडत नाही. वारंवार होणाऱ्यांना आठवड्याला एक गोळी असा सहा महिन्यांचा कोर्सही असतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.
शिवाय कॅन्डिडात योनीचा पीएच (आम्लता, जी चांगले जंतू राखतात) बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, ४.५ च्या खाली. त्यामुळे 'चांगले जंतू मेले म्हणून झालं' एवढं ते सोपं नाही.

पावसाळी
सुगंधी वॉश बंद करा. या हवेत कपडे दमट राहतात, इस्त्री करून घाला. आणि दही खा.

गोदाकाठ
तेच तर मी सांगितलं.

मीरा_ठाणे
सगळ्यांचे आभार. दही मला सोसत नाही, सर्दी होते. युरिन कल्चर उद्याच देते, हे आजवर कुणीच सुचवलं नव्हतं. पण पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, म्हणून एक महिना कॅप्सूलही घेणारच. पुरावा कच्चा आहे ते कळलं. सानिकाताई, तुम्ही सांगितलेलीच घेते, पैसे बहीण देणार आहे.

सानिका_दादर
छान! फ्रिजमध्ये ठेव हं.

औषधवाली_कोथरूड
सगळ्याच फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचून ठेवा.