परसोजी भोसल्यांचा खून अन् आमच्या विहिरीतला हिरा

पऱ्हाटी: आमच्या पडक्या गढीतल्या विहिरीपाशी परवा रात्री कोणीतरी खोल खड्डा खणला. लिंबू, कुंकू, काळी कोंबडी, सारा सरंजाम. म्हणे नागपूरच्या वाड्यात राजे परसोजी भोसल्यांचा खून झाला त्या रात्री एक हिरा गायब झाला, तो इथं पुरला आहे. माझं मत: खून खरा, हिरा थाप. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. राजा आंधळा, लुळा. त्याले माराले हिरा कशाले पाहिजे? गादी पुरे होती.

झाडीपट्टी: थाप काहून? त्यांचे चुलतभाऊ अप्पासाहेब तेव्हा चांद्यालेच (आताचं चंद्रपूर) होते ना? वैरागड त्याच मुलखात, अन् तिथल्या हिऱ्याच्या खाणीचं नाव 'आईने अकबरी'त आहे.

निवृत्त मास्तर: ते चांद्याला होते म्हणूनच तर संशय! धुऱ्याच्या भांडणात डोकं फुटतं त्या दिवशी मुख्य माणूस नेमका सोयऱ्याच्या गावी असतो. राज्य कोणाला मिळालं ते पाहा, हिरा राहू द्या.

सातबारा: अप्पासाहेब साव होते असं मी म्हणत नाही. पण इंग्रजांनी त्यांना बिनबोभाट राजा मानलं. तेव्हा गळा दाबलेला दिसला नाही? नोव्हेंबरात नागपूरच्या सीताबर्डीला त्यांची इंग्रजांशी लढाई झाली, अन् १८१८ मध्ये त्यांना गादीवरून काढताना खून आठवला.

निवृत्त मास्तर: आरोप उशिरा आला म्हणून खोटा होत नाही. राजकारण इंग्रजांचं असेल, मुडदा तर परसोजीचाच होता.

पऱ्हाटी: मास्तर, हे पटलं. पण जडजवाहीर कुठं गेलं ते तर उघड आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, पोटी मूल नाही, डलहौसीनं राज्य खालसा केलं. राजघराण्यातल्या बांकाबाई भांडत राहिल्या. हत्ती-घोडे सीताबर्डीवर विकले, दागिने कलकत्त्याला लिलावात. चोर शोधायचाच तर तिकडं खणा.

झाडीपट्टी: लिलावात गेले ते मोजलेले दागिने. छत्तीस वर्षं आधी गेलेला कोण मोजन?

सातबारा: बरं, सापडलाच समजा. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरले कळवा लागते. कोंबडीच त्याहून महाग पडली असन.

पऱ्हाटी: पोलीस पाटलाले सांगतलं. खड्डा बुजवाले दोन ट्रॅक्टर मुरूम लागला, तो बी माझ्याच खर्चानं.