पंधरा हजारांत नगरसेवक: मानधन वाढवायचं की आधी हिशेब मागायचा?

गंगापूर रोडकर

परवा सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि गाडी नगरसेवकांच्या मानधनावर आली. सगळे एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे मला नीट मांडता आलं नाही. इथे मांडतो.

नगरसेवकांचं मानधन वाढवा आणि चांगलं घसघशीत वाढवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

2017 साली राज्य सरकारने मानधनाचे आकडे बदलले. मुंबईला 25 हजार, पुणे-नागपूरला 20 हजार, आणि आपल्या नाशिकला 7,500 चे 15 हजार झाले. पंधरा हजारांच्या हिशेबाने पाच वर्षांचे होतात नऊ लाख. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत नाशिकमध्ये एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती 13 लाख. म्हणजे मर्यादेत राहून लढला तरी माणूस मानधनातून तो खर्च भरून काढू शकत नाही. जमिनीच्या व्यवहारातला किंवा ठेकेदारीतला माणूस हे पेलतो. अंबडच्या कारखान्यातला कामगार, एखादी शिक्षिका अर्जच भरायला जात नाही.

आमच्या जुन्या गल्लीत एक ताई नगरसेविका होत्या. सकाळी सातला त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाचं चेंबर तुंबलंय, कुणाच्या सासूचं निराधार योजनेचं प्रकरण अडकलंय. ताईंकडे शंभर पानी वही होती. डावीकडे तक्रार, उजवीकडे कुणाला फोन केला ते, आणि काम झालं की लाल पेनाने बरोबरची खूण. मानधन चहा, पेट्रोल आणि मंडळांच्या वर्गणीत संपायचं. रात्री अकरानंतर त्यांच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज यायचा, कारण घर ब्लाउजच्या शिलाईवर चालत होतं. दुसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या नाहीत. ज्या बाईला हे काम मनापासून येत होतं, तीच घरी बसली. याचं मला आजही वाईट वाटतं.

सिडकोतून

दादा, ताईंबद्दल आदर आहे, पण एका ताईंवरून नाशिकच्या सगळ्या 122 नगरसेवकांचं मानधन वाढवणं मला पटत नाही.

मानधन कमी म्हणून चांगली माणसं येत नाहीत म्हणता. मग तिकिटासाठी एवढी गर्दी कशासाठी होते? रात्रीत पक्ष बदलतात, अपक्ष उभे राहतात. ही धडपड पंधरा हजारांसाठी नसेलच, तर पंधराचे तीस केल्याने तरी काय फरक पडणार?

आमदारांचंच बघा. ऑगस्ट 2016 मध्ये विधिमंडळाने चर्चेविनाच आमदारांचे वेतन-भत्ते 75 हजारांवरून थेट दीड लाखाच्या पुढे नेले. त्यानंतर निवडणुकीतला पैसा कमी झाल्याचं मला तरी दिसलं नाही. माझे वडील सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं होते. पगारवाढीचा करार व्हायचा तेव्हा कंपनी आधी उत्पादनाचा आकडा टेबलावर ठेवायची. नगरसेवकाने कोणता आकडा ठेवलाय?

पंचवटीकर

माझा मुद्दा जरा वेगळा आहे.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पावणेचार वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे एकही नगरसेवक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिला, तेव्हा कुठे निवडणुका हलल्या. या काळात मानधनाचा खर्च शून्य होता. शहर सुधारलं का?

तपोवन आठवा. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तिथली सुमारे 1,800 झाडं तोडायचा प्रश्न आला तेव्हा सभागृहच नव्हतं. लोक झाडांखाली उभे राहिले, हरकती लिहून दिल्या, पण सभागृहात उठून ‘हे कुणी ठरवलं?’ असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. मी तिथे माझ्या नातीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, ‘आजोबा, आपण कुणाला सांगायचं?’ मला एकही नाव घेता आलं नाही. सिंहस्थाची एवढी कामं चालू असताना विचारणारा माणूस हवा, आणि त्याला जगण्यापुरतं मानधनही हवं.

सातपूरचा रहिवासी

काका, विचारणारा माणूस हवा हे खरं, पण प्रभागात चार-चार असले तर नेमकं कुणाला धरायचं? आपल्याकडे 29 प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, दोन प्रभागांत तीन-तीन.

मागच्या मुदतीत आमच्या दारासमोर ड्रेनेज सहा दिवस वाहत होतं. तेव्हा आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात राहायचो. ‘अ’ जागेवाल्यांनी सांगितलं, तुमची गल्ली ‘ब’ बघतात. ‘ब’ म्हणाले, ड्रेनेजचं काम ‘ड’ कडे आहे. ‘ड’ चा फोन बंद. ‘क’ च्या ताईंचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलला आणि ‘बघतो’ म्हणाले. आई दारात विटा टाकून त्यावरून ये-जा करत होती. सातव्या दिवशी शेजाऱ्यांनी वर्गणी काढून खासगी माणूस बोलावला.

चौघांनाही त्या महिन्याचं मानधन पूर्ण मिळालं असेल. मला राग त्याचा आहे.

नाशिकरोडची वाचक

‘यजमानांनी फोन उचलला’ हे वाचून थांबले. 122 पैकी 61 जागा महिलांच्या आहेत. बाईला स्वतःची पुरेशी मिळकत नसेल, तर फोन, गाडी, कार्यालय सगळं नवऱ्याचं, आणि मग निर्णयही त्याचाच. मानधन वाढलं आणि ते तिच्याच खात्यात राहिलं, तर निदान फोन तरी तिचा असेल. मी वाढीच्या बाजूने आहे.

महापालिकेतला निवृत्त

मी पालिकेच्या नोकरीत आयुष्य काढलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

122 जणांचं 15 हजारांनी वर्षाचं मानधन होतं दोन कोटी वीस लाखांच्या आत. दुप्पट केलं तरी चार कोटी चाळीस लाखांच्या आतच. पालिकेचं अंदाजपत्रक अडीच हजार कोटींच्या वर गेलेलं आहे. खरी झुंज असते ती प्रभागातल्या कामांच्या निधीवर. 2018 मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा हे उघड दिसलं. कामाची गरज आहे का, तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे का, निधी आहे का, या तीन कसोट्या त्यांनी लावल्या आणि नगरसेवक निधीला कात्री लागली. करवाढीचा वाद त्यातच पेटला. गोष्ट अविश्वास ठरावापर्यंत गेली, ठराव मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. त्यांची करवाढ मलाही जाचक वाटली होती, पण त्या तीन कसोट्या चुकीच्या नव्हत्या.

दुसरं म्हणजे उत्तरदायित्वासाठी नवा कायदा आणायची गरज नाही. सलग तीन महिने सभांना विनाकारण गैरहजर राहिलं तर पद जाऊ शकतं. प्रभागातल्या मतदारांची क्षेत्रसभा 2009 पासून कायद्यात आहे. माझ्या नोकरीत मी एकही क्षेत्रसभा भरलेली पाहिली नाही. लोकांनीही कधी मागितली नाही, आणि त्यात मीही आलो.

गंगापूर रोडकर

सिडकोतल्या दादांचा उत्पादनाच्या आकड्याचा मुद्दा माझ्या मनात बसला. मी सरसकट वाढ म्हणत होतो, ते मागे घेतो. मूळ 15 हजार राहू द्या. वरची वाढ सभेतली हजेरी आणि भरवलेल्या क्षेत्रसभेला बांधा. क्षेत्रसभा नाही, तर वाढ नाही. सातपूरच्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. चौघांत गल्ल्या लेखी वाटून प्रभागात फलक लावावा, एवढंच सुचतं.

सिडकोतून

फलक आधी, वाढ नंतर. एक वर्ष काम बघू, मग मी स्वतः वाढीच्या बाजूने सही करीन. आज नाही.

नाशिकरोडची वाचक

दादा, त्या एका वर्षात ताईंसारखी आणखी एखादी घरी बसेल. तुमची अट मान्य, पण ते वर्ष आजपासून मोजायला घ्या.

महापालिकेतला निवृत्त

मग मोजायला घेऊ. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय: निवडणुकीनंतर झालेल्या प्रत्येक महासभेतली 122 जणांची हजेरी, आणि क्षेत्रसभा झाल्या असतील तर तारखा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावलाय. सोमवारी अकरा वाजता महापालिकेच्या मुख्यालयाच्या, राजीव गांधी भवनाच्या दारात असेन. सिडकोतले दादा आणि गंगापूर रोडकर, दोघेही या. अर्जावर तिघांच्या सह्या घेऊ.