वडिलांचं प्रोस्टेट: गोळ्यांवर भागेल का?

कोरेगावकर: वडील ७२ चे. रात्रीत पाच वेळा उठतात. परवा सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीत खंबाटकी ओलांडताच कंडक्टरला हात जोडून गाडी थांबवायला लावली. तेव्हापासून लग्नकार्यालाही जात नाहीत. सोनोग्राफीत प्रोस्टेटची ग्रंथी वाढून ५८ ग्रॅम, लघवीनंतरही मूत्राशयात ११० मिली शिल्लक. त्यावर टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅची गोळी चालू आहे. आई म्हणते, वयाचंच आहे. ऑपरेशन करावं का?

अजिंक्यतारा: टॅमसुलोसिननं प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात, ग्रंथी लहान होत नाही. त्यासाठी ड्युटास्टेराइड असतं, पण गुण यायला सहा महिने. त्यानं पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तात बघतात तो आकडा) निम्म्यावर येतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. आणि टॅमसुलोसिननं उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसायला सांगा. मी ऐकलं नाही, चक्कर येऊन मोरीच्या कट्ट्यावर आपटलो. भुवईला तीन टाके!

कृष्णाकाठ: सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. माझी तेवढ्यावर लघवी तुंबली, पहाटे तीनला नळी घालावी लागली. शेवटी टीयूआरपी केली, म्हणजे लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग खरवडून काढला. पोटावर टाका नाही, आता रात्री एकदाच उठतो. वीर्य मात्र पुढं न येता मूत्राशयात जातं. हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं, तुम्ही आधीच विचारा.

कोरेगावकर: दिवाळीनंतर मोतीबिंदूचंही ठरलंय.

अजिंक्यतारा: मग डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं आत्ताच सांगा. ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसू शकते. मनानं बंद मात्र करू नका.