८० हर्ट्झचा लो-कट चेलोला चालत नाही
जुनी टेप डिजिटल करताना तिच्यातली घरघर घालवायला लो-कट फिल्टरने ८० हर्ट्झखालचं सगळं कापा आणि मग डीनॉइझर (खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर) फिरवा, असा सल्ला कुणी दिला तर तो भाषणाच्या टेपला ठीक आहे, चेलोला नाही. चेलोची सर्वांत खर्जातली मोकळी तारच ६५.४ हर्ट्झची. त्यात संगीतकार झेनाकिसची एकल चेलोसाठीची रचना ‘नोमोस आल्फा’ (१९६६) असेल तर वादक ती तार आणखी एक सप्तक खाली उतरवतो, म्हणजे ३२.७ हर्ट्झ. तार इतकी ढिली होते की सुराबरोबर तिची थरथरही ऐकू येते, आणि लो-कट नेमकी तीच खातो. युरोपातल्या टेपवर विजेची घूं ५० हर्ट्झवर असते. तिथे, आणि गरज पडली तर १०० व १५० वर, अगदी अरुंद नॉच (फक्त तेवढीच कंपनसंख्या कापणारा फिल्टर) लावा. बाकी खालच्या भागाला हात लावू नका.

डीनॉइझर तर त्याहून जपून. संगीतकार लाखनमानच्या ‘प्रेसियों’ या चेलोच्या रचनेत (१९६९) गजाचं घासणं, बोटांचं तारेवरून सरकणं हेच संगीत आहे, आणि सॉफ्टवेअरला ते टेपच्या खरखरीसारखंच दिसतं. डीनॉइझरला खरखर ओळखायला द्यायचा नमुना वादनाआधीच्या शांततेतला घ्या. कोऱ्या टेपचा नको, त्यात खोलीचा आणि माइकचा आवाज नसतो. टेप डिजिटल करण्याआधी टेप वाचणाऱ्या हेडचा अ‍ॅझिमथ (टेपशी असलेला कोन) मात्र जुळवाच: दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून ऐकत स्क्रू किंचित किंचित फिरवायचा, गजाच्या केसांची सळसळ सर्वांत लख्ख येईल तिथे थांबायचं. इथे गेलेला वरच्या कंपनसंख्यांचा भाग नंतर इक्वलायझरने नीट परत येत नाही, उलट खरखरच वाढते. आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची एक प्रत कुठलाही फिल्टर न लावता वेगळी ठेवा.