लिनोकट : वेलबुट्टीचे जोड जुळत नाहीत

हिरवी_शाई
१५×१५ सेंमीच्या लिनोवर (कोरून ठसा करायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर) मधुमालतीची वेल कोरली आहे. एकच ठसा उठवत जाऊन मोठ्या कागदावर सलग नक्षी हवी आहे, प्रत्येक उभी रांग शेजारच्या रांगेपेक्षा अर्धा ठसा खाली. पण जोडावर देठ तुटतात, ठशांमध्ये पांढरी रेघ राहते आणि काळी जमीन (नक्षीमागची पार्श्वभूमी) डागाळ येते. ठसा पालथा ठेवून हाताने दाबतो. प्रेस नाही.

बुट्टेदार
मधली फुलं आधी काढून मग कडा जुळवायला गेलात की असंच होतं. जोड आधी, मधलं नंतर. अर्ध्या उतरणीत उजव्या कडेला वरून ३ सेंमीवर बाहेर पडणारा देठ डाव्या कडेला १०.५ सेंमीवर आत यायला हवा, जाडी आणि कल तोच ठेवून. वरची आणि खालची कड मात्र सरळ एकमेकींशी जुळते.

पांढरी रेघ सरळ कडेमुळे दिसते. १८ सेंमीचा लिनो घ्या आणि कड पानांच्या बाह्यरेषेवरून फिरवा. उजवीकडे पान जितकं बाहेर काढाल तितकंच डावीकडे ७.५ सेंमी खाली कापून टाका. चारही कोपरे जागेवर राहू द्या, कागदावरच्या पेन्सिलच्या खुणांवर तेच बसवायचे आहेत. सध्याचा ठसा यात वाचणार नाही, नवाच कोरावा लागेल.

कोरण्याआधी चित्राच्या नऊ झेरॉक्स जोडून भिंतीवर लावा आणि डोळे किलकिले करून लांबून बघा. एकट्या ठशात न दिसणारे तिरके पांढरे पट्टे तिथे लगेच दिसतात. मोकळ्या जागी एखादी कळी किंवा तणावा (वेलीचा वळणदार तंतू) सरकवा.

रोलरवाला
डागाळ जमिनीबद्दल. लिनोचा पृष्ठभाग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून हलका घासा, पुसून वाळवा. तेलाची शाई काचेवर पातळ पसरवा. रोलरचा बारीक चरचर आवाज यायला हवा. पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, पानांच्या शिरा बुजतील. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर द्या, रोलरची दिशा बदलत.

हाताच्या दाबाने एवढी काळी जमीन भरत नाही. ठसा बसवल्यावर कागदासकट उलटा करा (शाई चिकट असल्याने सुटत नाही) आणि मागून लाकडी चमच्याने घासा. त्यासाठी लिनो फळीवर चिकटवू नका आणि कागद पातळ, ६० ते ९० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) घ्या.

बुट्टेदार
@रोलरवाला, बरोबर. एक भर : काळ्या उरणाऱ्या बारीक देठांच्या दोन्ही बाजू बाहेरच्या उताराने कोरा. हत्यार आत वळून खालचा आधार गेला की देठ घासताना दबतो आणि तुटतो.