एक मोबाइल, दोन मुले आणि बंद शाळा

पालक, अंबाजोगाई तालुका (ऑगस्ट 2020): मुलगा सातवीत, मुलगी चौथीत; स्मार्टफोन मात्र एकच आणि तो दिवसभर माझ्याबरोबर शेतात असतो. गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात, परंतु वस्तीवर रेंज मिळत नाही आणि रात्री दोघांचे धडे उतरवेपर्यंत रोजचा डेटा संपून जातो. अभ्यास कसा चालू ठेवावा?

शिक्षक, लातूर: घरी टीव्ही असल्यास सह्याद्री वाहिनी लावावी, तिच्यावर 20 जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू आहे आणि तिला डेटा लागत नाही (वीज मात्र लागते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको). बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. गावात रेंज मिळेल तेथे शासनाच्या दीक्षा या शैक्षणिक अ‍ॅपवर ते स्कॅन करून पाठ उतरवून ठेवले, तर पुढे इंटरनेटशिवायही पाहता येतात. तरीही व्हिडिओ म्हणजे शिकवणे नव्हे. चौथीच्या मुलीकडून रोज मोठ्याने वाचन करून घ्यावे. ते काम सातवीतला भाऊ करू शकेल.

वाचक, धारूर: टीव्हीचा सल्ला योग्य आहे, परंतु दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) टीव्ही कुठून येणार? त्या मुलांना निघण्यापूर्वीच पुस्तके आणि छापील स्वाध्याय हातात मिळाले पाहिजेत.

पालक, अंबाजोगाई तालुका: टीव्ही शेजारी आहे, विचारतो. गुरुजी, सातवीच्या गणिताचे काय करावे?

शिक्षक, लातूर: उदाहरणे वहीत सोडवून घ्या आणि अडलेल्याच पानाचा फोटो काढून शाळेतल्या गुरुजींना पाठवा, फोटोला डेटा थोडाच लागतो.