अध्यापन प्रतिमान वापरले, पाठ रंगला, तरी घटक चाचणीत मुले चुकली : दोष कुठे शोधावा?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, हिंगणा रस्ता, नागपूर

नमस्कार. मी एका अनुदानित शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ५४ मुले आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची असते. बी.एड.च्या काळात मी संकल्पना प्राप्ती प्रतिमानावर (‘हो’ आणि ‘नाही’ची उदाहरणे पाहून मुलांनी संकल्पना स्वतः ओळखायची, या शिकवण्याच्या ठरीव पद्धतीवर) एक पाठ घेतला होता आणि निरीक्षकांनी त्यावर चांगला शेराही दिला होता. पुढे सहा वर्षे ते प्रतिमान टाचणाच्या वहीतच राहिले. या वर्षी भौतिक व रासायनिक बदल शिकवताना ते पुन्हा वापरून पाहावे असे मनात आले.

फळ्याचे दोन भाग करून डावीकडे ‘हो’ आणि उजवीकडे ‘नाही’ असे लिहिले आणि एकेक कार्ड लावत गेले. ‘हो’च्या बाजूला लोखंड गंजणे, दूध नासणे, लाकूड जळणे आणि संत्रे सडणे ही कार्डे होती; ‘नाही’च्या बाजूला बर्फ वितळणे, मेण वितळणे, पाण्याची वाफ होणे आणि रबर ताणणे. सहाव्या कार्डालाच एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ‘हो’कडचे परत पहिल्यासारखे होत नाही.” वर्गाने माना डोलावल्या. मलाही आनंद झाला, मी ‘रासायनिक बदल’ हे नाव सांगितले, व्याख्या फळ्यावर लिहिली आणि तेवढ्यात घंटा झाली.

घटक चाचणीत ‘काच फुटणे’ आणि ‘कागद फाटणे’ हे कोणते बदल असे विचारले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी ‘रासायनिक’ असे लिहिले आणि कारण म्हणून त्या मुलीचेच वाक्य जसेच्या तसे दिले. शिक्षक कक्षात यावर बोलणे झाले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की सरळ सांगून शिकवले असते तर दहा मिनिटांत काम झाले असते. प्रतिमानाची निवडच चुकली, की मी ते अर्धवट वापरले, की ५४ मुलांच्या वर्गात त्याचा उपयोगच नाही? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त अध्यापकाचार्य, धरमपेठ

ताई, तुमच्या मुलांनी चूक केलेली नाही. तुम्ही फळ्यावर जेवढा पुरावा ठेवला होता, त्यातून निघणारा सर्वांत सोपा निष्कर्ष त्यांनी काढला आणि चाचणीत तो प्रामाणिकपणे लागू केला. ‘नाही’च्या बाजूची चारही कार्डे पाहा : प्रत्येक बदल उलट फिरवता येतो. ‘हो’च्या बाजूचा एकही उलट फिरवता येत नाही. म्हणजे ‘परत पहिल्यासारखे न होणे’ हा गुणधर्म दोन्ही बाजूंना तंतोतंत विभागतो. मग मुलांनी दुसरा गुणधर्म का शोधावा?

हे प्रतिमान ब्रूनर, गुडनाउ आणि ऑस्टिन या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये मांडलेल्या संशोधनावर उभे आहे. माणूस संकल्पना कशी मिळवतो, म्हणजे उदाहरणे पाहताना मनात अंदाज कसा बांधतो, तो कधी टिकवतो आणि कधी सोडतो, हा त्यांचा विषय होता. पुढे १९७२ मध्ये ब्रूस जॉइस आणि मार्शा वेल या शिक्षणतज्ज्ञांनी निरनिराळ्या उगमांची प्रतिमाने एकत्र आणून त्यांची चार कुटुंबे केली, आणि प्रत्येक प्रतिमानाला पायऱ्या, सामाजिक प्रणाली (वर्गातले शिक्षक-विद्यार्थी नाते), प्रतिक्रियेची तत्त्वे (मुलांच्या उत्तरांना शिक्षकाने कसा प्रतिसाद द्यावा) आणि आधार प्रणाली (लागणारे साहित्य) असा सांगाडा दिला. आपल्याकडे बी.एड.च्या टाचणात हा सांगाडा चार रकान्यांत उतरला आणि परीक्षेला पाठ झाला. अंदाज सोडायला लावण्याचे मूळ काम मात्र रकान्यांच्या मध्ये कुठेतरी राहून गेले. मी स्वतः कित्येक वर्षे असेच पाठ पाहिले आणि त्यांवर बरे शेरे दिले, हेही कबूल करतो.

‘नाही’ची उदाहरणे ही जागा भरण्यासाठी नसतात. या घटकात मुले कोणते चुकीचे अंदाज बांधतील, हे आधी कागदावर लिहावे आणि प्रत्येक अंदाज मोडणारे एक कार्ड तयार ठेवावे. ‘परत होत नाही’ हा अंदाज मोडायला संत्र्याची साल सोलणे पुरते : सोललेली साल कोणी परत चिकटवू शकत नाही, पण सालही तीच आणि फोडीही त्याच. ‘रंग बदलतो’ असे मुले म्हणाली, तर लोहाराच्या भट्टीतले लालभडक लोखंड ‘नाही’च्या बाजूला लावावे, कारण निवल्यावर ते पूर्वीचेच लोखंड असते. ‘उष्णता द्यावी लागते’ असे म्हणाली, तर गंजणे ‘हो’च्या बाजूला आहेच, आणि वितळणारे मेण ‘नाही’च्या बाजूला.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेची. त्या मुलीने अंदाज सांगितला तेव्हा तो बरोबर की चूक हे तुमच्या चेहऱ्यावरही दिसायला नको होते. “पुढचे कार्ड कोणत्या बाजूला जाईल ते आधी सांग,” एवढेच म्हणून साल सोलण्याचे कार्ड काढायचे. अंदाज तिने बांधला होता, तो पडतानाही तिलाच दिसला पाहिजे. संकल्पनेचे नाव सांगणे हा शेवट नाही. त्यानंतर मुलांनी स्वतःची उदाहरणे द्यायची, आणि शेवटच्या पायरीत “तुझा पहिला अंदाज कोणता होता आणि कोणत्या कार्डाला तो बदलला” हे बोलायचे असते. घंटा नेहमी याच्या आधी होते. त्यामुळे पहिली चार कार्डे कमी करा, पण ही पायरी ठेवा.

उत्तर २ : गणित शिक्षक, कामठी

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी माझी एक मूलभूत हरकत आहे. रासायनिक बदलाचा खरा गुणधर्म ‘नवा पदार्थ तयार होणे’ हा आहे आणि तो कार्डावर लिहिलेल्या दोन शब्दांत दिसत नाही. ‘लोखंड गंजणे’ हे वाचून, गंज हा लोखंडाहून निराळा पदार्थ आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच ते ओळखेल. बाकीची मुले परत होणे, रंग, वास, उष्णता अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतच फिरत राहतील. चौकोन आणि समांतरभुज चौकोन शिकवताना हे प्रतिमान मला फार उपयोगी पडते, कारण तिथे बाजू आणि कोन मुलांच्या समोर असतात. जो गुणधर्म मुलांना दिसत नाही आणि ठाऊकही नाही, तो उदाहरणांच्या ढिगातून आपोआप वर येईल अशी अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा जोरकसपणे मांडला होता : नवशिक्याच्या कार्यकारी स्मृतीची, म्हणजे एका वेळी मनात धरून विचार करण्याची, झेप मर्यादित असते, त्यामुळे तुटपुंज्या मार्गदर्शनात शोध घ्यायला लावले की त्याची शक्ती शोधण्यातच खर्च होते आणि शिकायचे बाजूला राहते. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो अजूनही होतो. मी स्वतः एकचल समीकरणे शिकवताना आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण, मग शेवटची पायरी गाळलेले, मग दोन पायऱ्या गाळलेले असे देत जातो. आधार हळूहळू काढून घेण्याची ही कल्पना वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये ज्या ‘स्कॅफोल्डिंग’ या शब्दाने मांडली, तो मूळचा इमारतीच्या परांचीचा शब्द आहे. आपल्याकडे परांची बांधण्याबद्दल सगळे बोलतात, ती उतरवायची केव्हा हे कोणी टाचणात लिहीत नाही; मग दहावीपर्यंत मूल गाइडच्या आधाराने उभे असते.

आणि ५४ मुलांबद्दल : अंदाज तोंडी घेऊ नका. पहिल्या बाकांवरची सहा मुले बोलतात आणि उरलेली माना डोलावतात. चौथ्या कार्डानंतर प्रत्येकाने वहीत आपला अंदाज लिहावा, आठव्यानंतर तो खोडून नवा लिहावा किंवा तसाच ठेवावा. रबर वापरू द्यायचे नाही. वह्या फिरून पाहायला चार मिनिटे लागतात, आणि कोण कुठे अडकले ते त्या खोडलेल्या ओळीतच दिसते.

उत्तर ३ : डी.एल.एड.ची अध्यापिका, महाल

कामठीच्या सरांनी काढलेल्या हरकतीवर उपाय दुसऱ्या एका प्रतिमानात आहे, म्हणून थोडे लिहिते. जो गुणधर्म मुलांना दिसत नाही, त्याचा आधार पाठाच्या आधी द्यायचा असतो, आणि मानसशास्त्रज्ञ ऑसुबेलचा अग्रत संघटक त्यासाठीच आहे. आपल्याकडे त्याची आणि प्रस्तावनेची कायम गल्लत होते. “मुलांनो, आज सकाळी काय खाल्ले?” असे विचारत विषयापर्यंत येणे ही प्रस्तावना झाली; अग्रत संघटक म्हणजे येणाऱ्या मजकुराहून एक पायरी वरची, अधिक व्यापक कल्पना, जिच्यावर पुढचे तपशील टांगता येतील. ऑसुबेलने १९६०च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाला पोलादाविषयीचा उतारा वाचायला देण्याआधी धातू आणि संमिश्रे यांच्यातील साम्य-भेद सांगणारा छोटा मजकूर दिला होता; पोलादाचा इतिहास सांगणारा मजकूर तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला दिला होता.

तुमच्या घटकासाठी ती कल्पना अशी असू शकेल : पदार्थाची ओळख त्याच्या आकारावरून होत नाही, गुणधर्मांवरून होते. साखर वाटून पिठीसाखर केली तरी ती गोड लागते आणि पाण्यात विरघळते. तीच साखर कढईत करपली की काळी पडते, कडू लागते आणि तो काळा कोळसा पाण्यात विरघळत नाही. हे पाच मिनिटे बोलून घेतले की ‘पदार्थ तोच राहिला का?’ हा प्रश्न मुलांच्या हाती येतो, आणि मग कार्डे लावली तर त्यांना शोधायला काहीतरी असते. दोन प्रतिमाने एका पाठात वापरायची नाहीत हा नियम फक्त टाचण तपासणाऱ्यांचा आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती : विज्ञान शिक्षिका, हिंगणा रस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा घटक मी सातवीच्या दुसऱ्या तुकडीला अजून शिकवायचा होता, म्हणून तिथे गेल्या आठवड्यात सलग दोन तासिका मागून घेतल्या. सुरुवात साखरेने केली. करपलेल्या साखरेची वाटी घरूनच नेली होती. एकूण दहाच कार्डे लावली आणि अंदाज वहीत लिहून घेतले. चौथ्या कार्डापर्यंत बहुतेक वह्यांमध्ये पुन्हा ‘परत होत नाही’ हेच आले, म्हणजे साखरेची चर्चा होऊनही तो अंदाज सुटला नव्हता. साल सोलण्याचे कार्ड उजव्या बाजूला लावल्यावर मात्र वर्गात कुजबुज सुरू झाली आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही. सात-आठ मुलांनी शेवटपर्यंत अंदाज बदलला नाही. त्यांच्या वह्या मी वेगळ्या काढल्या आहेत आणि त्यांना कामठीच्या सरांच्या पद्धतीने सोडवलेली उदाहरणे देणार आहे.

स्वतःची उदाहरणे देण्याच्या पायरीत एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले की मेणबत्तीसमोर संत्र्याची साल पिळली की ठिणग्या उडतात, तो कोणता बदल? वर्गात दोन तट पडले. मी उत्तर दिले नाही. पदार्थ तोच राहिला का, हे प्रत्येक टप्प्याला विचारा एवढेच म्हटले. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची, एरवी कधीच न बोलणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, साल पिळून रस उडतो तो भौतिक, आणि उडालेला रस जळतो तो रासायनिक.” तो रस नसून सालीतले तेल असते, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले.